दुर्मिळ गाठ

नाशिकच्या त्या दवाखान्यात माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवर एका बाईचा नवरा होता. दोघांच्याही स्वादुपिंडात गाठ होती. ती होती फुलं पिकवणारी. बसल्या बसल्या नखांतला झेंडूचा पिवळेपणा पदरानं पुसत राही.

रिपोर्ट आले तेव्हा ती रडतच माझ्याकडे आली. "ताई, डॉक्टर म्हणले, आमची गाठ लय दुर्मिळ हाय. म्हंजी वाईटच ना?"

मला डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, की आमची गाठ नेहमीची आणि पसरलेली आहे. दुर्मिळ असती तर हळू वाढली असती, काढता आली असती. मला तिचा हेवा वाटला. तरी म्हणाले, "नाही हो, तीच बरी. ती काढता येते."

तिनं माझे हात घट्ट धरले. "तुमच्या मालकांचीबी तशीच निघू दे!"

मी हात सोडवून घेतले.