हनीफभाई आणि हरवणारा पत्ता

हनीफभाई गेल्याची बातमी मला कळंबला माहेरी असताना मोबाइलवर आली. आमच्या संस्थेच्या ग्रुपवर जळत्या दिव्याचं चित्र, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि सगळ्यात आधी हात जोडलेले आमच्या अध्यक्षांनी. मग एकामागून एक पंचवीस-तीस जोडलेले हात. मारेगावला एका दवाखान्याचं काम करून परतताना बस स्टँडवरच त्यांच्या छातीत कळ आली आणि संपलं, एवढं नंतर कोणीतरी लिहिलं. दारव्ह्याचा माणूस एवढ्या लांब मारेगावला कामाला का जात होता, हे त्या ग्रुपवर कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं... मलाही.

हनीफभाईंचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्याच टेबलावर हनीफभाई आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही आणि शेवटी कॉम्प्युटर शिकले. दारव्ह्यातल्या आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात मी हेडक्लार्क. तिथलं सगळं जाळं त्यांनीच विणलेलं. प्रत्येक वायरच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मराठी आकड्यांत मशीनचा नंबर. ते काम करत असले की खोलीत कोणी आहे असं वाटायचं नाही. चहा विचारला की म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो, ताई." त्यांच्यासाठी आमच्याकडे खिडकीत एक वेगळा, कान तुटलेला कप ठेवलेला असे, हे लक्षात यायला मला सहा वर्षं लागली. लक्षात आल्यावरही मी तो कप उचलून फेकला नाही.

गेल्या वर्षी ऐन ॲडमिशनच्या दिवसांत सर्व्हरने छळायला सुरुवात केली. सर्व्हर म्हणजे सगळ्या नोंदी ज्यात साठवलेल्या असतात ते मुख्य मशीन. त्याला एक ठरलेला नंबर असतो, तोच त्याचा पत्ता. आमचे अकरा कॉम्प्युटर त्याला त्याच पत्त्यावर शोधतात. लाइट जायची, बॅटरी कधीच मेलेली, सर्व्हर बंद पडायचा आणि पुन्हा सुरू झाला की त्याचा पत्ता गायब. जागी कुठला तरी भलताच नंबर. बाहेर टीसीसाठी खेड्यांवरून आलेली पोरं अन् त्यांचे आईबाप उन्हात ताटकळायचे. हनीफभाई संध्याकाळी येऊन पत्ता पुन्हा टाकायचे. सकाळी सगळं ठीक, दुपारी लाइट गेली की पुन्हा तेच. नागपूरचा सॉफ्टवेअरवाला फोनवरून म्हणाला, तुमच्या लोकल माणसानेच बिघडवलंय. अध्यक्षांनी तेच वाक्य आम्हा सगळ्यांसमोर हनीफभाईंच्या तोंडावर फेकलं. ते खाली मान घालून उभे होते, पण मला नंतर म्हणाले, "ताई, एक गोष्ट ध्यानात आली का? साहेब ज्या दिवशी येत नाईत, त्या दिवशी लाइट जाऊ दे का येऊ दे, पत्ता हालत नाही."

दुसऱ्या दिवशी ते दुपारीच आले. या वेळी त्यांनी सर्व्हर दुरुस्त केलाच नाही, उलट पूर्ण बंद केला. मग माझ्या कॉम्प्युटरवरून त्याच नंबरला हाक दिली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"सर्व्हर बंद हाय ना? मंग त्याच्या नंबरवरून हे कोण 'ओ' देऊन राह्यलं?"

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. सर्व्हरचाच नंबर दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राला दिलेला आहे. लाइट गेली तरी ते चालू राहतं आणि सर्व्हर जागा होऊन बघतो तर त्याच्या जागेवर दुसराच बसलेला. मग तो बिचारा मिळेल तो नंबर घेतो. एवढं सांगून ते वायरींच्या पेटीपाशी बसले आणि एकेक वायर काढून पाहू लागले. सातवी काढली तेव्हा ती 'ओ' थांबली. त्या वायरला चिकटपट्टी नव्हती. ती भिंतीच्या कडेने अध्यक्षांच्या केबिनमध्ये जात होती, जिथे त्यांचा वेगळा इन्व्हर्टर होता.

साहेब जेवायला घरी गेल्यावर आमच्या शिपाई सुनंदाबाईंनी किल्लीने केबिन उघडलं. मी सोबत होते. कपाटात कॅमेऱ्याचं रेकॉर्डर होतं, साहेब आले की चालू करत असणार ते हेच; वर हातभर पडदा. हनीफभाईंनी पडदा सुरू केला आणि तत्क्षणी तोंड फिरवलं. "ताई, तुमी पाहा. मी नाही पाहत."

पडद्यावर आम्हा बायकांची जेवणाची खोली होती. आम्ही तिथे डबा खायचो, पावसात भिजलो तर साडी बदलायचो. त्या क्षणी तिथे प्रतिभा बसली होती, चार महिन्यांचं बाळ घरी ठेवून कामावर आलेली. छातीतलं दूध काढायला ती आडोशाला, दाराकडे पाठ करून बसली होती. कॅमेरा तिच्या बरोबर समोर, एक्झॉस्ट फॅनच्या जाळीत.

हनीफभाईंनी पक्कडीने कॅमेऱ्याची वायर तोडली. पळून गेले नाहीत. साहेब येईपर्यंत दारात उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "हे काय हाय, साहेब? तुमच्याही घरी लेकीबाळी हायेत."

"चोऱ्या होतात, म्हणून लावला," अध्यक्ष म्हणाले. मग क्षणात आवाज चढला. "अन् तू माझ्या केबिनमध्ये घुसलास कसा? काय काय चोरलंस त्या सर्व्हरमधून? तुमच्या लोकांना घरात घेतलं की हेच होतं!" ते माझ्याकडे वळले. "तुम्ही होत्या का याच्यासोबत?"

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी म्हणाले, "नाही साहेब. मी टेबलावरच होते."

हनीफभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खोटं बोलतेय, हे सांगितलं नाही. पिशवी उचलून निघून गेले... अध्यक्षांची मला किळस येते, हे लिहायला सोपं आहे. स्वतःच्या त्या 'नाही साहेब'ची येते, ती कुठल्याही पाण्याने धुतली जात नाही.

कॅमेरा रातोरात गायब झाला. मी प्रतिभाला आणि बाकीच्यांना हळूच सांगितलं. त्या रडल्या, त्या खोलीत जाणं सोडलं, टेबलावर बसून डबे खाऊ लागल्या. तक्रार कोणी केली नाही. गावात मात्र पसरलं ते एवढंच, की हनीफ माहिती चोरतो. दारव्ह्यातलं एकेक ऑफिस त्यांना बंद झालं. पुढे एकदा मला ते जीपच्या स्टँडवर भेटले, पिशवी मांडीवर घेऊन यवतमाळच्या गाडीत बसलेले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "सर्व्हर बरा हाय ना, ताई?" तीच शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात संस्थेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला पहिला हार अध्यक्षांचा. "हनीफभाई म्हणजे आमच्या कुटुंबातले," ते म्हणाले आणि रुमालाने डोळे टिपले. मी उठले. "साहेब, तुम्ही त्यांना चोर म्हणाला होता. कॅमेरा कुणाचा होता, ते मी..."

"आता आपण दोन मिनिटं मौन पाळू," अध्यक्ष घाईने म्हणाले. सगळा हॉल उभा राहिला. मेलेल्या माणसाच्या नावाने माझं तोंड बंद करण्यात आलं आणि शंभर माणसं माना खाली घालून त्यात सामील झाली. मीही मान खाली घातली. मौन संपलं, खुर्च्या वाजल्या, तेवढ्यात मागून सुनंदाबाईंचा आवाज आला. "मौन झालं, ताई. बोला आता. किल्लीनं दार म्या उघडलं होतं."

मी बोलले. सगळं, माझ्या खोट्यासकट. प्रतिभा येऊन माझ्याजवळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही सात जणींनी पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली. पुढे काय होईल, ठाऊक नाही.

तिथून मी एकटीच हनीफभाईंच्या दुकानात गेले. त्यांच्या पत्नी, नसरीनभाभी, लोकांची दुरुस्त झालेली यंत्रं परत देत बसल्या होत्या. प्रत्येकाला रबरबँडने एक कागद लावलेला होता, काय बिघडलं आणि का बिघडलं ते हनीफभाईंच्या अक्षरात. कारण लिहिल्याशिवाय ते वस्तू परत करत नसत, असं भाभी म्हणाल्या. मी त्यांना शोकसभेचं सांगितलं, तक्रारीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हातातल्या एका यंत्राचा कागद सरळ केला, रबरबँड नीट बसवला.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे ते असताना बोलायचं होतं."