शरदभावोजींची बोटं

शाळेच्या मैदानावर उद्याच्या कबड्डीसाठी पाणी मारलंय. ओल्या तांबड्या मातीचा वास ओटीवर आला आणि मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन पोहोचले.

नागावच्या किनाऱ्यावर ह्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला होता. आपली बोटं माझ्या बोटांत आकड्यासारखी घट्ट अडकवून. असा हात जगात कुणी कुणाचा धरत नसेल, असं वाटून मी हरखले होते.

तेवढ्यात समोरून शरदभावोजी आले, ह्यांच्या शाळेच्या संघातले. आमचे हात बघून मोठ्याने हसले. "वहिनी, ही तर आमची साखळी हाय! समोरचा चढाईला आला की हा माझी बोटं अशीच धरायचा. कधी सुटली न्हाय!"

हे लाजले, माझा हात सोडला आणि आपला हात त्यांच्या खांद्यावर टाकून पुढे चालू लागले. मी मागून, चपला हातात घेऊन.

आता नातवंडं झाली, तरी माझं जळणं काही थांबत नाही. मघाशी दोघं म्हातारे मैदानाकडे निघाले. रस्ता ओलांडताना अंगावर मोटार आली, तशी एकमेकांकडे न बघताच दोघांची बोटं अडकली.

मी फाटकाची कडी जरा जोरातच लावली.