प्रवीणच्या लाल गाडीचा सुरक्षा अहवाल

गाड्यांचे सर्व्हे करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. माणूस जातो चेपलेला बंपर बघायला आणि परत येतो ते घरी जेवताना सांगण्यासारखं काहीतरी घेऊन! कुडाळात बसून विमा कंपन्यांसाठी मी कित्येक वर्षं हेच करतोय. पण प्रवीणच्या लाल गाडीने जेवढं गोंधळात टाकलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच गाडीने नाही.

प्रवीण तारकर्लीचा, बोटीवर इंजिनियर. सुट्टीवर आला आणि गोव्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन आला. सीट दोनच, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. कंपनीने मला सांगितलं, "विमा देण्याआधी हिचा इतिहास तपासा. सुरक्षित आहे का, तसा रिपोर्ट द्या."

त्याच दिवशी प्रवीणच्या बायकोचा, सुलक्षणावहिनींचा फोन. आवाज अगदी हळू. "भाऊनू, खरा काय ता लिवा. सासूबाय आणि मी, दोगांव काळजीत आसो. धोको आसात तर गाडी विकूक व्हयी."

आता हा नुसता फॉर्म राहिला नव्हता. घरातल्या दोन बायका माझ्या सहीकडे डोळे लावून बसल्या होत्या!

*

गाडी तपासायला आम्ही बाबली मेस्त्रींच्या गॅरेजात नेली. मी आत बसलो. बसणं सोपं होतं, पाटावर जेवायला बसल्यासारखं. उठता येईना! मेस्त्रींनी एक हात धरला, प्रवीणने दुसरा, तेव्हा कुठे मी बाहेर आलो.

फॉर्मवर प्रश्न होता, 'आणीबाणीत प्रवासी त्वरित बाहेर पडू शकतो काय?'

"मेस्त्रीनू, काय लिहू?"

"लिवा, दोन माणसां लागतत!"

*

हल्ली गाड्यांना सुरक्षेचे स्टार असतात. मी नेटवर तासभर शोधलं. हिला एकही स्टार नाही. म्हणजे वाईट शेरा असं नव्हे, हिची परीक्षाच कुणी घेतलेली नाही!

मेस्त्रींनी विचारलं, "परीक्षा कशी घेतत?"

"गाडी आपटून बघतात. काय होतं त्यावरून स्टार."

मेस्त्रींनी प्रवीणकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घाई कित्याक करतास? मालकाक जरा वेळ द्या."

*

मग आधीच्या मालकाला गोव्यात फोन लावला.

"हिला कधी अपघात?"

"एक पण नाही! देवाची शपथ!"

मी खूश. कोरी पाटी! सहज विचारलं, "तुमच्याकडे होती त्या तीन वर्षांत चालवली किती?"

"चालवली कुठे? बायकोने चावी बँकेच्या लॉकरात ठेवली होती!"

आता हा इतिहास चांगला म्हणायचा की इतिहासच नाही म्हणायचा? मी रकाना पेन्सिलीने भरला.

*

प्रवीणकडे आल्यापासून मात्र पंधरा दिवसांत तीन घटना.

पहिली मालवण बाजारात. गाडी उभी होती. तिच्याकडे बघत बघत एक सायकलवाला विजेच्या खांबावर गेला. खांब ठीक, सायकल वाकडी, गाडीला काहीच नाही. मग हा अपघात कुणाच्या नावावर?

दुसऱ्या वेळी मासळीचा टेम्पो रिव्हर्स घेत होता. ड्रायव्हरचं लक्ष लाल गाडीकडे. त्याने करकचून ब्रेक मारला आणि बांगड्यांची पाटी बॉनेटवर पालथी! बांगडे उचलले, पण तोवर मांजरं पोचली होती. बॉनेटभर ओरखडे. फॉर्मवर 'धडक देणाऱ्या वाहनाचा प्रकार'. मी लिहिलं, 'मांजर'. संख्या, 'अंदाजे चार'.

तिसरी घटना घरासमोरच. माडावरून नारळ थेट टपावर! प्रवीणच्या आई, शांताकाकी, मुलावर कडाडल्या, "मेल्या झीला, माडाखाली कोण खाट तरी घालता काय? तू गाडी घातलंस!"

'धडकेची दिशा' या रकान्यात पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून असे चार पर्याय होते. 'वरून' मला हाताने लिहावं लागलं.

*

शेवटी रस्त्यावरची चाचणी. हायवेला लागलो आणि माझी पाठ सीटमध्ये रुतली. प्रवीणचं तोंड पूर्ण वेळ माझ्याकडे!

"भाऊ, ब्राझीलजवळ आमची बोट अशी कलंडली, अशी!" किती कलंडली ते त्याने दोन्ही हातांनी दाखवलं.

"प्रवीण, स्टिअरिंग!"

"भियातास कित्याक? हेका सगळे सेन्सर आसत!"

वहीत मी 'ब्रेक उत्तम' लिहिलं होतं की 'ब्राझील', ते घरी आल्यावर मलाच लागेना.

*

पुराव्यांशी प्रामाणिक राहून मी रिपोर्ट पाठवला. 'वाहन चालताना सुरक्षित. उभे असताना धोकादायक.'

कंपनीतून लगेच फोन. "साहेब, टायपिंगची चूक झालीय का? उलट हवं ना?"

"नाही हो, तिन्ही घटना वाचा."

"मग मालकाला काय सूचना देऊ?"

"थांबू नको म्हणावं!"

विमा झाला. संध्याकाळी सुलक्षणावहिनींचा फोन. "भाऊनू, धोको आसा की नाय?"

"वहिनी, खरं सांगू? मलाच कळलेलं नाही."

 मग "बरां" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

*

दोनेक महिन्यांनी तारकर्लीच्या रस्त्याने चाललो होतो. मागून तो ओळखीचा गुरगुराट आला. मी घाबरून पार कडेच्या दगडी गडग्याला चिकटलो. पण गाडीने इंडिकेटर दिला, अलगद कडेला आली आणि माझ्या शेजारी थांबली.

वाकून आत बघितलं. स्टिअरिंगवर सुलक्षणावहिनी! शेजारी शांताकाकी, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन, ऐसपैस.

"अहो वहिनी, तुम्ही ही विकायला लावणार होता ना? भीती गेली वाटतं?"

वहिनींनी सासूकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. शांताकाकींनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"आता भीती कसली रे? झील माझो बोटीर गेलो मा!"