वरच्या मजल्यावरच्या गुळण्या

ताईंनी वरच्या मजल्यावर एक पुरुष ठेवलाय, अशी कुजबुज त्या इमारतीत दोन वर्षं चालली होती. साठीला टेकलेली बाई, नवरा जाऊन जमाना झालेला, दिवसभर दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली उभी, आणि घरी हे. ऐकणाऱ्याला आधी धक्का बसायचा, मग जरासा हेवा वाटायचा.

पुरावेही भक्कम होते. वरच्या बंद दाराबाहेर पुरुषी चपला. गॅलरीत वाळणारे ढगळ शर्ट. आणि रोज सकाळी अख्ख्या जिन्याला ऐकू जातील अशा गुळण्या. साध्यासुध्या नव्हेत. घशाच्या तळातून निघायच्या, मध्ये एक गिरकी घ्यायच्या आणि खाकरून संपायच्या. असला आवाज बाईमाणूस काढूच शकत नाही, असं समोरच्या वहिनींचं ठाम मत. या वहिनी दोन वर्षांपूर्वी त्या दारासमोर राहायला आल्या आणि तेव्हापासून इमारतीला वर्तमानपत्राची गरज उरली नाही.

"वर कोण असतं हो ताई?" त्यांनी आल्या आल्याच विचारलं होतं.

"माझा धाकटा भाऊ."

"दिसत नाहीत कधी."

"लाजाळू आहे."

वहिनींनी हे जसंच्या तसं सगळीकडे सांगितलं. फक्त 'भाऊ' म्हणताना डोळा तेवढा बारीक केला.

भाऊ होता, हे खरं. लिफ्ट दुरुस्त करायचा. इथल्या इमारतींना नुसते जिने, म्हणून तो शेजारच्या देशात गेला. तिथे त्याला उंच इमारती मिळाल्या, एक बायको मिळाली आणि गडी तिकडेच रमला. पण म्हातारपणी परत यायचं ते इथेच, हे त्याचं पक्कं. अडचण एवढीच, की त्याच्या नावावरचं हे वरचं घर देशात राहणाऱ्यालाच मिळायचं. वर्षाचा बहुतेक काळ बाहेर काढला, तर रहिवासाचा हक्क जाणार आणि हक्कापाठोपाठ घर. सरहद्दीवर कोणी कुणाला हटकत नसे, त्यामुळे रहिवास खात्याची सगळी भिस्त शेजाऱ्यापाजाऱ्यांवर.

"ताई, घर नांदतं दिसू दे," तो फोनवर म्हणाला होता. "परत यायला एक दार तरी असू दे मला."

"आणि तू कधी येतोस?"

"रजा मिळाली की."

रजा मिळत नव्हती. मालक देत नव्हता, असं भाऊ म्हणायचा. बायको देत नसणार, असं ताई मनात म्हणायच्या.

मग एके सकाळी रहिवास खात्याचे साहेब आले. वरची बेल दाबून दाबून त्यांचं बोट दुखायला लागलं, तोवर ताई धापा टाकत वर पोचल्या. वहिनींचं दार काय, उघडायला निमित्तच शोधत होतं.

"कामावर गेलाय तो," ताई म्हणाल्या.

"तुम्ही बहीण. तुम्ही हेच सांगणार." साहेब वहिनींकडे वळले. "इथे राहतं का कोणी?"

ताईंनी जिला दोन वर्षं जिन्यात टाळलं, तिच्याच जिभेवर भावाचं घर टांगलं होतं.

"राहतं का म्हणजे काय," वहिनी म्हणाल्या. "त्या गुळण्यांनी रोज झोपमोड होते आमची. शर्ट काय वाळतात, दिवे काय लागतात."

"माणूस पाहिलाय?"

इथे वहिनी अडल्या. पाहिला कुठे होता? पण त्याची उंची, चाल, मिशी, सगळं त्यांनीच घरोघर पोचवलं होतं. जिन्यातली दोन दारं आता किलकिली झाली होती. 'नाही पाहिला' म्हणायचं म्हणजे चालतं दुकान बंद करायचं.

साहेबांनी फोटो पुढे केला.

"हाच," वहिनी म्हणाल्या, नजर टेकायच्या आधीच. मग नीट बघून, "मिशी हल्ली ठेवलीय."

"यांचा भाऊच ना?"

"ते मला कशाला विचारता साहेब? भावाच्या शर्टांना इतकी कडक इस्त्री कोण बहीण करते, ते तुम्हीच ठरवा."

दाराआडून कोणीतरी फिसकन हसलं. ताईंचे कान तापले. वर कुणी नाही, ही घ्या किल्ली, एवढं म्हटलं की त्या धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ झाल्या असत्या. शब्द ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले.

"वहिनींचं लक्ष असतं सगळीकडे," त्या म्हणाल्या. "त्या खोटं कशाला सांगतील?"

भाऊ की आणखी कोण, यात साहेबांना काडीचा रस नव्हता. फोटोतला माणूस शेजारी ओळखतात, एवढ्यावर त्यांनी शिक्का मारला आणि ते जिना उतरले.

"झालं का गं?" संध्याकाळी भावाने फोनवर विचारलं.

"झालं. तुझं घर राहिलं. माझी अब्रू गेली."

"येईल परत."

"तुझ्याआधी येईल, एवढं नक्की."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ताईंना जिन्यात गाठलं आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "ताई, आता सगळ्यांना माहीतच आहे. लग्न का नाही उरकून टाकत?"

"तो तयार नाही," ताई म्हणाल्या आणि किल्ली हातात घेऊन वर गेल्या.

वर कोणी पुरुष नव्हता. दवाखान्यात जन्मभर पेशंटांच्या गुळण्या ऐकून ताईंना त्या हुबेहूब जमत होत्या. रोज सकाळी त्याच वर जाऊन करायच्या.