बंद न करायची गाडी

नवशा घरी आहे की नाही, हे वडपे गावात कुणाला विचारावं लागत नसे. गाडीची घरघर ऐकू आली की समजायचं, नवशा आलाय. कारण हा माणूस गाडी बंदच करत नसे. देवळासमोर चालू, किराणा दुकानासमोर चालू, अगदी मयताला गेला तरी बाहेर त्याची पांढरी एसयूव्ही धूर सोडत उभी. आत माणसं रडत असायची आणि नवशाचा एक कान बाहेर असायचा.

लोकांना वाटायचं, पैशाचा माज. माज कसला, भीती होती ती. एकदा बंद केली की पुन्हा कधी चालू व्हायचं, हे ती गाडी स्वतःच्या मर्जीनं ठरवायची. मेकॅनिकनं बॅटरी बदलली, सगळं वायरिंग उपसलं आणि शेवटी हात टेकले.

गावची जमीन गोडाऊनखाली गेली तेव्हा घरोघरी गाड्या आल्या. पहिल्यानं ज्या कंपनीची घेतली तीच सगळ्यांनी घेतली, रंगसुद्धा तोच. हळदीला मांडवाबाहेर ओळीनं लागल्या की आपली कोणती ते काचेवरचं नाव वाचून शोधायचं. बाकीच्यांच्या मुकाट चालल्या, नवशाच्याच वाट्याला ही खोडकर आली. पण कुणी विचारलं तर हा पठ्ठ्या छाती काढून सांगायचा, झकास चाललीय.

मग एकदा शेजारच्या भाविकच्या आईच्या छातीत दुखायला लागलं. सगळ्यांच्या आधी नवशाच गाडी घेऊन धावला. रांजणोली नाक्यावर ट्रॅफिक तुंबलं, डिझेल वाचवायला त्यानं इंजिन बंद केलं, ते पुन्हा लागलंच नाही. म्हातारी दुसऱ्या गाडीनं पोचली आणि वाचली. नवशाला कुणी बोल लावला नाही. फक्त त्यानंतर कुणी त्याची गाडी मागायला आलं नाही, आणि ते त्याला फार लागलं. त्या दिवसापासून रात्री दारात लागेपर्यंत चावी उलटी फिरवणं त्यानं सोडलं ते सोडलंच.

त्याची लेक हेमाली पडघ्याला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेरी आई नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली. घर नवशाची थोरली बहीण आक्का सांभाळायची. सातव्या महिन्यात नवशा लेकीला आणायला गेला. गाडी अंगणात घरघरत ठेवून आत जाऊन बसला. विहीणबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, धूर घरात येतोय, जरा बंद करा. लगेच निघायचंय, असं नवशा म्हणाला. विहीणबाई दुधखुळ्या नव्हत्या. वडप्याची गोष्ट पडघ्याला पोचायला असा कितीसा वेळ लागतो?

"व्याही, एकदा बंद करून चालू करून दावा," त्या म्हणाल्या. "मंग न्या लेकीला."

नवशानं अंगणात जाऊन चावी फिरवली. गाडी बंद झाली. मनातल्या मनात एकवीरा आईचं नाव घेऊन त्यानं पुन्हा फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. ओट्यावर हेमाली बॅग घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. शेवटी जावई धनेशनं टेम्पोला दोर बांधून गाडी वडप्याला ओढत आणून सोडली. लेक पडघ्यालाच राहिली.

दुसऱ्याच दिवशी नवशानं गाडी बदलायचं ठरवलं, आणि तेही दुसऱ्या कंपनीची. गावानं त्याला वेड्यात काढलं. सगळ्यांची एक आणि तुझी वेगळी? अडीनडीला पार्ट कुणाकडून मागशील? हळदीला तुझी एकटीची लाइन लावायची काय? नवशानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. शोरूममधला पोरगा मोठ्या हौसेनं एकेक बटण समजावत होता. नवशा त्याला मध्येच तोडून पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला, बंद नाही ना पडणार? पोरगा हसून नाही म्हणाला. तेवढंच नवशाच्या कानात शिरलं. बाकी सगळं वाऱ्यावर गेलं. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायची होती. तिथल्या माणसानं तपासायला चावी फिरवली तर ती लबाड पहिल्या झटक्यात चालू झाली.

नवी गाडी दारात आल्यावर विहीणबाईंनी हेमालीला पाठवलं. निघताना, माझी सून नीट सांभाळा, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून नवशा सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी गाडी चालू होते का ते बघून यायचा. सिग्नलला उभा राहिला तरी गाडी गिअरमध्येच, क्लच अर्धा दाबलेला, दुसरा पाय रेसवर. आक्का म्हणायची, बाळंतपण पोरीचं हाय आणि कळा तुला येतात.

खऱ्या कळा एका सकाळी सुरू झाल्या. हेमालीला पुढच्या सीटवर पाठ टेकवून बसवलं, आक्का मागे बसली, आणि हायवेला लागेपर्यंत नवशाला जरा धीर आला होता. भिवंडीच्या वळणावर पोचला तर पुढे नुसते कंटेनर. कुठेतरी ट्रेलर आडवा झाला होता. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत सरकत थांबली. हेमालीला जोराची कळ आली. तिनं ओठ दाबले, पण आवाज फुटलाच, आणि तिचा हात बापाचा हात शोधायला लागला. नवशाचा डावा हात गिअरवर होता. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली, पाय सैल सोडले आणि लेकीचा हात धरला.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

रांजणोली नाका, भाविकची आई, पडघ्याचं अंगण, सगळं एकदम नवशाच्या डोळ्यासमोर आलं. पुन्हा चावी फिरवावी हे त्याला सुचलंसुद्धा नाही. जुन्या गाडीनं शिकवलं होतं, मेलेल्या गाडीला मारत बसायचं नाही, वेळ जातो. तो दार उघडून रस्त्यावर उतरला आणि शेजारच्या सर्व्हिस रोडकडे हात हलवत धावला. आक्का मागून ओरडत होती, काय झाला रं, नवशा?

सर्व्हिस रोडवरून एक रिक्षा चिंचोळ्या वाटेनं पुढे सरकत होती. त्यात भिवंडीचे एक लूमवाले, यंत्रमागांचे मालक फखरुद्दीनशेठ, बसले होते. नवशाच्या तोंडून 'पोर', 'कळा', 'गाडी' असे सुटे शब्द बाहेर पडले. शेठ ताबडतोब खाली उतरले.

"जुबेर, बच्ची को बिठा," ते रिक्षावाल्याला म्हणाले. मग नवशाकडे वळून, "चावी द्या. तुम्ही जा लेकीबरोबर. गाडीचं मी बघतो."

अनोळखी माणसाच्या हातात नव्या गाडीची चावी देताना नवशानं क्षणभरही विचार केला नाही. त्यानं आणि शेठनी हेमालीला धरून रिक्षात आणलं, आक्का तिला सावरून बसली, आणि नवशा जुबेरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकला. जुबेरनं खड्डे चुकवत, उलट्या बाजूनं येणाऱ्यांना शिव्या घालत, गल्लीबोळांतून भिवंडीचं हॉस्पिटल गाठलं. वाटभर नवशा त्या रिक्षाच्या इंजिनाचा आवाज ऐकत होता.

मुलगा झाला. दोघंही सुखरूप. हेमालीच्या खोलीत विहीणबाई आणि धनेश पोचले, पेढे आले, तरी नवशा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. आता काय तोंड दाखवायचं? गाडी बदलली, कंपनी बदलली, आणि लेक शेवटी रिक्षात.

दुपारी फखरुद्दीनशेठ आले. शर्ट घामानं भिजलेला, हातात चावी. गाडी खाली उभी होती. ट्रेलर आत्ता कुठे हलवला, म्हणाले. नवशानं विचारलं, ढकलली कुणी?

"ढकलायची कशाला? चावी फिरवली, चालू झाली," शेठ म्हणाले. "माझ्या जावयाकडे हीच हाय. न्यूट्रलला टाकून पाय काढला की इंजिन आपोआप थांबतं, तेल वाचवायला. क्लच दाबला असता तर लागली असती."

नवशानं चावीसाठी हात पुढे केला. आभार मानायचे राहूनच गेले. चावी घेऊन तो खोलीच्या दारात आला तेव्हा विहीणबाई त्याच्याकडेच बघत होत्या. बाळ त्यांच्या मांडीवर होतं.

"ही पण बंद पडली म्हनं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. कंपनीच्या नावानं खडे फोडता आले असते. झकास चाललीय असं सांगत त्यानं वर्षं काढली होती, आणखी एक थाप काही जड गेली नसती. खाटेवरून हेमाली बापाकडे बघत होती.

"गाडी चांगली हाय, विहीणबाई," नवशा म्हणाला. "मी भ्यालो."

विहीणबाईंनी बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं, उठून दारापर्यंत आल्या आणि ते त्याच्यापुढे धरलं. नवशा आधी भिंतीला पाठ लावून खाली बसला, आणि मगच त्यानं बाळाला घेतलं.