माझी बसलेली म्हैस

लाकूड कोरताना ढलप्या पडतात तसे किस्सेही पडत जातात. ढलप्या निदान बंबात घालता येतात, किश्श्यांचं काय करायचं? कडावच्या एका पत्र्याच्या शेडमधले माझ्याकडे इतके साठलेत, की भिसेगावातल्या मैत्रिणी मी तोंड उघडायच्या आधीच बजावतात, "आज म्हैस नको हं!"

तरी सांगतेच.

शेड आप्पांची. आप्पा जुने सुतार. बैलगाड्या आणि नांगर करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ट्रॅक्टर आल्यावर ते मुठीत मावतील अशी लाकडी जनावरं कोरायला लागले. मी रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. रविवारी स्कूटी काढून त्यांच्याकडे शिकायला जायचे. माझ्याबरोबर शिकणारे दुसरे होते मास्तर, खालापूरचे रिटायर्ड गणिताचे शिक्षक. चहा आणि टोमणे पुरवायला आप्पांच्या बायको, म्हणजे काकी.

शेडचे नियम दोन. एक, तुटलेला तुकडा चिकटवायचा नाही, उरलेल्या लाकडात जनावर शोधायचं. दोन, आप्पांनी "ह्ये काय?" असं विचारलं, की ते जनावर अंघोळीच्या बंबात. त्यांनी न विचारता ओळखलं, तरच खिडकीवरच्या फळीवर जागा.

दिवाळीनंतर मुलगा आप्पा-काकींना बदलापूरला नेणार होता. शेड बंद होणार. म्हणजे माझ्या हातात दहाएक रविवार. तेवढ्यात फळीवर जायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

*

पहिल्या दिवशी मी जय्यत तयारीनं गेले. ऑनलाइन मागवलेला किट, हातमोजे, मोबाईलमध्ये चाळीस व्हिडिओ.

"काय करनार?" आप्पांनी विचारलं.

"हरीण. उडी मारताना!"

"हरनाला पाय किती?"

"चार."

"मंग चार येळा तुटंल. पाय नसलेलं काय तरी बघ."

"साप?"

"साप लय अवघड. त्यो सगळाच पाठ असतो." थोडा विचार करून त्यांनी पांगाऱ्याचा एक ठोकळा माझ्यापुढे सरकवला. "बसलेली म्हैस कर. बसलेल्या म्हशीला आकार नसला तरी चालतो."

*

पण ठोकळ्याला हात लावायला मिळेल तर ना! दोन रविवार मी नुसती पटाशी दगडावर घासत होते. शेवटी माझं डोकं फिरलं.

"आप्पा, कॉलेजात पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये सोडतात! दोन रविवार धार लावण्यात घालवत नाहीत!"

"घास," आप्पा म्हणाले.

तिसऱ्या रविवारी रागारागात लाकडाला हात घातला आणि पटाशी सटकून थेट बोटात. भळाभळा रक्त! आप्पा जागचे उठून आले, माझ्या हातातली पटाशी घेतली, तिच्यावरून अलगद अंगठा फिरवला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"आता लागली बघ धार!"

मग काकींना हाक मारली, "अगं, हळद आन जरा."

*

मास्तरांचं काम एकदम शिस्तीत. कंपासपेटी घेऊन यायचे. त्यांचा हत्ती महिनाभर चालला होता. चारही पाय सारखे, पाठ सपाट, कुठे एक रेघ इकडची तिकडे नाही. मान्य करते, मी जळत होते.

आप्पांनी तो हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला.

"ह्ये काय? पाट का?"

"हत्ती," मास्तर म्हणाले.

"सोंड कुटं?"

"ती पुढच्या रविवारी आहे."

हत्ती बंबात गेला. मास्तरांनी कंपासपेटी मिटली. संध्याकाळी निघताना काकींनी मात्र त्यांना मनापासून सांगितलं, "मास्तर, पानी काय तापलं हो! तुमचं काम लय घट्ट."

*

माझी म्हैस तोवर म्हैस राहिली नव्हती. एक शिंग उडून मास्तरांच्या चहात पडलं. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मी दुसरंही उडवलं, तर गाढव झालं. गाढवाची मान आखूड झाली, डुक्कर झालं. डुकराचं नाक गेलं, ससा झाला. दर रविवारी एक जनावर खाली!

"चिकटवू द्या ना आप्पा! एक थेंब गोंद! कोणाला कळणारे?"

"तुला कळंल."

म्हातारी माणसं असं काहीतरी म्हणतात आणि चहा प्यायला लागतात.

डोंगराकडच्या ठाकरवाडीतली बुधीमावशी आप्पांना पांगारा आणून द्यायची. एकदा ती भारा टाकून टेकली होती. मी हळूच माझा ससा तिच्यापुढे धरला. जंगलातली बाई, जनावरं हिच्याइतकी कोणी पाहिली असणार?

"मावशी, खरं सांग. काय हाय हे?"

तिनं निरखून पाहिलं. नखानं टोकरलं. वास घेतला.

"लाकूड हाय."

*

त्या शेडवरून मी अजूनही जाते. आता तिथे टेंपोच्या सीटा शिवतात. कुठे कोणी लाकूड कापत असलं की त्या ओल्या भुश्श्याच्या वासानं मी स्कूटी हळू करते, आणि मग उगाच हॉर्न वाजवत निघून जाते.

आप्पांना दिसत नाहीये, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पटाशी ते अंगठ्यानं बघायचे, लाकूड तळव्यानं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कळलं तेव्हा मी केवढी भडकले होते!

"ऑपरेशन करून घ्या ना! वीस मिनिटं लागतात फक्त!"

"आन् तुझ्या म्हशीला किती लागली?"

*

शेवटचा रविवार. अर्धी शेड पोत्यांत भरून झालेली. माझ्या हातात चिंचेएवढा तुकडा उरला होता. तो काय आहे, हे आता माझं मलाच सांगता येत नव्हतं. पाठीला एक बाक होता, पोटाशी दुमडलेलं काहीतरी होतं. आदल्या रविवारी मी त्याला हातच लावला नव्हता. भीती वाटली. अजून एक ढलपी, आणि काहीच उरलं नसतं.

तो मी आप्पांच्या तळव्यावर ठेवला.

त्यांचा अंगठा त्या बाकावरून गेला. परत आला. पोटाशी थांबला. इतका वेळ लागला, की मास्तरांना राहवेना. ते मदत म्हणून बारीक आवाजात म्हणाले, "म्याव."

"मास्तर, गप ऱ्हावा!" काकी ओरडल्या.

मी त्या दोन शब्दांची वाट बघत होते. 'ह्ये काय' आता येईल, मग येईल.

आप्पा उठले. चाचपडत खिडकीपाशी गेले, फळीवरची दोन जनावरं हातानं बाजूला सारली आणि मधल्या जागेत तो तुकडा अगदी सावकाश टेकवला.

"फळीवर!" मी किंचाळलेच. "म्हणजे ओळखलंत! आप्पा, सांगा ना, कुठलं जनावर आहे ते?"

आप्पांनी गर्रकन वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गं. जागं झालं तर पळंल."