नक्कल विभागातली त्रयस्थ

कौटुंबिक न्यायालयातल्या नक्कल विभागाच्या खिडकीतून मला कारकूनबाईंचं फक्त बोट दिसत होतं. नोंदवहीतल्या नावांवरून ते सावकाश खाली उतरलं आणि एका ओळीवर थांबलं. तिथे माझ्या नवऱ्याचं नाव होतं आणि शेजारी त्याच्या पहिल्या बायकोचं.

पासपोर्टच्या कामासाठी त्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल हवी होती. घरातली प्रत घर बदलताना हरवली. प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष मात्र यांनी सकाळी चहा पिता पिता तोंडपाठ सांगितलं, आणि तेव्हापासूनच मी धुमसत होते. माझा वाढदिवस यांना दरवर्षी मुलगी सांगते.

"तुम्ही पक्षकार का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी त्यांची बायको."

"म्हणजे या प्रकरणात त्रयस्थ. अर्जावर त्यांची सही आणा. नाहीतर या बाई आल्या तरी चालेल, त्यांना मिळेल."

या बाई! नऊ वर्षं यांचा डबा मी भरते, यांचं घोरणं मी ऐकते. आणि कागद मिळणार तिला, जिला यांची रक्तदाबाची गोळी कोणती तेही ठाऊक नाही. घटस्फोटात नातं पुसलं जातं, असं मी इतके दिवस समजत होते. इथे तर ते शिक्का मारून जपून ठेवलं होतं.

बाईंनी वही मिटली. ती दोघं आत राहिली, शेजारी शेजारी. मी कोरा अर्ज घेऊन बाहेर उभी.